तिसरी हाक

क्लाराची भूमिका आम्ही दोघी आलटून पालटून करणार होतो, सोरिन आणि मी. क्लारा पहिल्या अंकात मरते. मूळ कादंबरी युरोपातली, पण आमच्या दिग्दर्शिका प्योबाईंनी संगीत नाटकात आमच्या देशातली जुनी रीत घातली: नवरा मेलेल्या बायकोची ओढणी उंच धरतो, उत्तरेकडे तोंड करतो आणि तीनदा नावाने हाक मारतो. जीव परतला तर परतला. तिसऱ्या हाकेनंतर मात्र रडायला बसायचं, माणूस गेलं.

क्लाराच्या नवऱ्याचं काम करणारा मुग्योल हा सोरिनचा खराच नवरा. तालमी चालू असतानाच सोरिन हॉस्पिटलात वारली. तिथे हाका कोण मारणार? त्यानंतर तालमीत मुग्योल दोन हाकांवरच थांबायचा.

"उद्या म्हणेन गं, दाओन."

"दादा, तिकीट काढलेले लोक तुझा 'उद्या' ऐकायला बसणार नाहीत हं!"

पहिला प्रयोग दुपारचा होता. पांढरा झगा घालून मी विंगेत उभी होते. मुग्योलने ओढणी उंचावली.

"सोरिन!"

क्लारा म्हणायचं सोडून हे काय!

"सोरिन!"

"आले रे, आले..."

आवाज खालून, रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यातून आला. शब्द लांबवायची तिचीच लकब. बासरीवाला दचकून मागे बघू लागला. माझ्या कानातल्या यंत्रात ध्वनीवाला कुजबुजला, "ताई, कोण बोलतंय? सगळे माइक बंद आहेत."

मुग्योल हसला. किती दिवसांनी! मग खड्ड्याकडे चालू लागला.

"दादा, थांब! तिसरी हाक मार!"

"कशाला? आली की ती."

त्याचं पाऊल कडेवर आलं. देवाचं नाव घेऊन मी धावले, त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं आणि ओढणी हिसकावली. उत्तरेकडे वळले आणि चर्चमध्ये गाते तितक्या पोटातून ओरडले, "सोरिन!"

उत्तर आलं नाही. कुणीतरी दुसरं टोक सोडावं तशी ओढणी एकदम सैल पडली. मुग्योल मटकन खाली बसला. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मध्यंतरात तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती हाक माझी होती. तू कोण मारणारी?"

"तू मारली नसतीस, दादा."

"नसतीच मारली."

घंटा झाली. दुसऱ्या अंकात नवऱ्याला रडायचं असतं. त्या दुपारी मुग्योल इतका रडला की गाणं त्याच्याऐवजी मागच्या कोरसने पुरं केलं.