दोनशे पावलांच्या पुढे

“किल्ली दे,” उंट म्हणाला आणि त्याने तळहात पुढे केला.

तिची मूठ उघडेना.

“अकरा वर्षं मी इथे गाड्या चढवतेय,” ती म्हणाली. “आणि माझीच गाडी तू चढवणार?”

“नियम तुला मी सांगू? ज्याच्या हातात तिकीट, त्याच्या हातात स्टिअरिंग नाही. तूच ऐकवतेस ना लोकांना, कमरेवर हात ठेवून?”

मागे रांगेत उभे असलेले दोघे-तिघे हसले. तिलाही हसू आवरेना. तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली, पण बोटं मात्र एकेक करून सोडली. उंट यार्डातला सगळ्यात उंच माणूस. वाघिणीच्या, म्हणजे मोटारी नेणाऱ्या मालडब्याच्या, खालच्या मजल्यावर गाडी लावून बाहेर येताना त्याला असं काही वाकावं लागे की पहिल्याच आठवड्यात हे नाव पडलं, आणि आता पगाराच्या दिवशीसुद्धा त्याला कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे.

तिचं कामही तेच, गाड्या चढवण्याचं. ही रात्रीची गाडी माणसांना नेई आणि त्यांच्यासोबत त्यांच्या मोटारीही. पुढे झोपायचे डबे, मागे दुमजली वाघिणी. शेवटच्या वाघिणीला लोखंडी उतार लावायचा, एकेक मोटार वर घ्यायची आणि सगळ्या वाघिणींच्या पोटातून सरळ पुढे न्यायची. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. जागेवर आली की हँडब्रेक, गिअर, आरसे मिटायचे, चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरा, वरून पट्टे. मग पोट आत घेऊन, गाडी आणि कठडा यांच्या फटीतून स्वतःला बाहेर काढायचं. अकरा वर्षांत तिने लग्नातली फुलं लावलेल्या मोटारी चढवल्या होत्या, कुत्र्याचा वास मारणाऱ्या चढवल्या होत्या, नुसतं बसल्यावर छाती धडधडावी अशा महागड्याही चढवल्या होत्या. प्रत्येकीचा प्रवास तिला ठाऊक होता, पण पहिल्या दोनशे पावलांचाच. पुढे लाल दिवे वळणाआड जात आणि ती हातमोजे काढून घरी जाई.

आज ती तिकीट काढून आली होती. दुपारपासून ते तिने दहा वेळा काढून पाहिलं होतं, आणि एवढ्या वयाला हे शोभत नाही असं स्वतःला दटावण्याचा तिचा प्रयत्न सपशेल फसला होता.

“त्याने दुसरा गिअर नीट टाकला नाही,” शेजारून आवाज आला.

हे तिचे वडील, आप्पा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात एक कापडी पिशवी, नजर उतारावर चढणाऱ्या लेकीच्या छोट्या हिरव्या मोटारीवर.

“पहिल्यावरच चढवतात, आप्पा. दुसरा टाकतच नाहीत.”

“तेच म्हणतोय मी.”

आप्पांनी सव्वीस वर्षं लॉरी चालवली होती. तिला गाडी शिकवली तीही त्यांनीच, रिकाम्या गोदामामागच्या अंगणात, डबे उभे करून. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पायातली जाणीव गेली. पाय हलायचा, पण ब्रेक दाबला गेला की नाही ते कळायचं नाही. एका सकाळी ते गाडीसकट शेजाऱ्याच्या भिंतीत गेले. कुणाला लागलं नाही. परवान्याचं नूतनीकरण झालं नाही, इतकंच. त्या दिवसापासून मात्र ते कुठल्याच मोटारीत बसले नाहीत. लेकीच्याही नाही. दवाखान्यात जायचं तर बस, नाहीतर पायी.

“आयुष्यभर पोती वाहिली,” ते म्हणत. “आता स्वतः पोतं होऊन शेजारी बसायचं नाही.”

तिने विनवून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा तर शिकाऊ पाटी लावून गाडी दारात आणली, ‘चला, चुका काढा’ म्हणून. ते खिडकीतूनच म्हणाले, “हॉर्न बारीक आहे,” आणि आत गेले.

मग गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. आप्पांची थोरली बहीण, शहाऐंशी वर्षांची, आवाज अजून खणखणीत. “येतोस का मला भेटायला,” तिने विचारलं, “की मीच जाऊ देवाघरी आणि तिथून वाट बघू?” आत्या राहायची या गाडीच्या त्या टोकाला, शेवटच्या स्टेशनपासून आणखी दोन तासांवर. तेव्हा लेकीने रात्रीच्या गाडीची गोष्ट काढली. रात्रभर कुणीही चालवायचं नाही, मोटार मागे बांधलेली, आपण पुढे झोपलेले.

आप्पांनी बोटांवर रात्रीचे तास मोजले. मग म्हणाले, “आगगाडीत सगळेच पोती. त्यात कमीपणा नाही.” आणि लगेच, बोट वर करून, “पण स्टेशनापासून पुढे मी बसने येणार. तू तुझी मोटार घेऊन ये.”

बसची वेळ त्यांनी कागदावर लिहून खिशात ठेवली होती. तिने तो कागद पाहिला होता.

“वरचा मजला!” ती आता ओरडलीच. उंटाने हिरवी मोटार वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या टोकाला नेऊन लावली होती. “वारा लागेल हो तिला!”

“वारा लागून काय मोटारीला सर्दी व्हायचीय?” आप्पा म्हणाले. पण टाचा उंचावून त्यांनीही पाहिलं.

गाडी सुटली तेव्हा यार्डातली सगळी टोळी फलाटाच्या टोकाला उभी होती. उंटाने तिच्याच हातमोज्यांची जोडी निशाणासारखी हलवली. ती खिडकीतून इतकी बाहेर वाकली की आप्पांनी तिचा पदर नव्हे, सरळ कोपरच धरून ठेवलं. वळण आलं. नेहमी जे वळण गाडीला गिळून टाकी, ते या वेळी यार्डाला गिळून गेलं.

डब्यातल्या त्यांच्या कप्प्यात दोन बर्थ, एक घडीचं टेबल, एक इवलंसं बेसिन. तिने सगळे दिवे लावून पाहिले, विझवून पाहिले. टेबल उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“मोडशील ते.”

“मोडलं तर सांगेन, मी इथलीच आहे.”

घरून आणलेल्या पोळ्या त्यांनी त्या टेबलावर खाल्ल्या. अंधार पडला तसा रुळांच्या शेजारी मोठा रस्ता आला आणि आप्पा ताठ झाले. हाच त्यांचा रस्ता. सव्वीस वर्षं याच रस्त्याने त्यांनी भाजीपाला नेला होता. अंधार पडल्यावर निघायचं, पहाट व्हायच्या आत बाजारात माल उतरवायचा, दिवसभर लॉरीतच झोपायचं, पुन्हा अंधारात परत. दिवसा शहरात लॉरीला बंदी.

“आता पूल,” ते म्हणाले. पूल आला. “आता एक पेट्रोल पंप, तिथला माणूस तोतरा होता.” पंप आला, माणूस दिसला नाही. वरच्या बर्थवर पडून ती ऐकत होती. कितीतरी दिवसांनी आप्पा सलग इतकं बोलत होते. ऐकता ऐकता तिचा डोळा लागला.

“ऊठ. माळ आला.”

तिने डोळे उघडले. खिडकीबाहेर करडा अंधार होता. आप्पा खिडकीशी बसले होते, पायात बूट. झोपले नव्हते हे अंथरुणावरून कळत होतं.

“कसला माळ?” ती खाली उतरली.

“घाट उतरला की डाव्या हाताला लागतो. नुसता काळाकुट्ट. घर नाही, दिवा नाही. इथे आलो की मी काच खाली करायचो. असा गार वारा यायचा की झोप पळून जायची. दर वेळी वाटायचं, एवढी मोकळी जमीन पडलीय, कुणी नांगरत कसं नाही?”

ती त्यांच्याशेजारी बसली. रस्ता दिसत होता, त्याच्या कडेचे पांढरे दगड दिसत होते. त्यापलीकडे अजून काही नव्हतं. मग आभाळाची खालची कड फिकट झाली, आणि तसाच फिकट पट्टा खाली, जमिनीवरही उमटला. तिने तो आप्पांच्या आधी पाहिला. आप्पांना खिडकी पूर्ण मिळावी म्हणून ती जरा मागे सरकली.

माळावर एक होडी उभी होती.

आप्पांनी बाहीने काच पुसली. पुन्हा पुसली. होडीमागे दुसरी होडी दिसली, मग दूरवर डोंगराची रांग आणि त्या रांगेच्या खाली तीच रांग, उलटी.

“अगं,” ते म्हणाले. “पाणी आहे हे.”

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. “नांगरत कसं नाही म्हणे! सव्वीस वर्षं! अगं, सव्वीस वर्षं मी या तळ्याला माळ म्हणत गेलो!”

ते उठले, भिंतीला धरत बाहेरच्या बोळात गेले. तोंडात ब्रश घातलेला एक गृहस्थ तिथे उभा होता. आप्पांनी त्याचा दंडच धरला.

“तळं आहे!”

“हो, आजोबा. मोठं आहे, अर्धा तास संपत नाही. माहीत नव्हतं तुम्हाला?”

“मी याच रस्त्याने सव्वीस वर्षं गेलोय.”

गृहस्थाने ब्रश बाहेर काढला. “मग?”

“मग काय? रात्री गेलो!”

तेवढ्यात गाडीने मोठं वळण घेतलं. मागच्या वाघिणी काठाला धरून वाकल्या आणि वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची मोटार, हिरवी, चिमुकली, पाण्यावरून चालल्यासारखी दिसली.

“आपली! आप्पा, ती बघा आपली!” ती लहान मुलीसारखी उड्या मारत होती. गृहस्थ हसत होता. आप्पांनी एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. एक लॉरी दिवे मालवून तळ्याच्या काठाने निघाली होती. चालवणारा सरळ समोर बघत होता. आप्पांनी त्याच्याकडे हात केला. त्याला तो दिसणं शक्यच नव्हतं.

शेवटचं स्टेशन उन्हात न्हाऊन बसलं होतं. इथे झोपायचे डबे सोडवून पहिल्या वाघिणीला उतार लावला होता. मोटारी उतरेपर्यंत प्रवाशांनी एका कठड्याशी उभं राहायचं होतं. या टोकाची टोळी तिला चेहऱ्याने अनोळखी होती, पण हात ओळखीचे होते. पट्टा असा सोडायचा, पाचर अशी लाथेने बाजूला करायची. एकाने घाई केली तेव्हा तिच्या तोंडून “सावकाश!” निघून गेलं आणि त्याने चमकून वर पाहिलं.

रस्त्यापलीकडे बसथांबा होता. आप्पांनी खिशातला कागद काढून वाचला आणि परत ठेवला. ती दुसरीकडेच बघत राहिली.  त्यांना मोटारीत बसवायला काल रात्री तिने मनात वाक्यं जुळवली होती. त्यांऐवजी ती उतारावरच्या मोटारी मोजू लागली.

बस आली. वेळेवर आली, दार उघडून उभी राहिली. दोन बायका चढल्या, एक पेटी चढली. आप्पा पिशवी घेऊन कठड्याशी उभे होते. वाहकाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वाहकाकडे पाहिलं. दार मिटलं आणि बस गेली.

“पुढची किती वाजता?” तिने विचारलं.

“मला काय ठाऊक,” आप्पा म्हणाले.

हिरवी मोटार उतारावरून खाली आली. तिने किल्ली घेतली, भोवती एक फेरी मारून ओरखडे नाहीत ना ते सवयीने पाहिलं आणि आत बसली. आरसे उघडले. इंजिन सुरू केलं. मागे रांग लागली होती, कुणीतरी हॉर्न वाजवला. ती हलली नाही.

शेजारचं दार उघडलं. आप्पांनी आधी पिशवी आत ठेवली, मग स्वतः बसले. गुडघे समोर आपटले. सीट मागे कशी सरकवायची ते त्यांना सापडेना. पट्टा त्यांनी उजव्या हाताने शोधला, मग डाव्याने. या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. तिला वाटलं वाकून ओढून द्यावा. पण ती स्टिअरिंगला धरून थांबली. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा खटका लागला.

“आत्याकडे डोंगरावरून जवळ पडतं,” ती म्हणाली. 

“मोठ्या रस्त्याने घे. तळ्याकडून.”

“पाऊण तास जास्त लागेल.”

“लागू दे. तिने इतकी वर्षं वाट बघितलीय, पाऊण तासाने काय होतंय.”

तिने पहिला गिअर टाकला. आप्पांचं त्याकडे लक्षच नव्हतं. ते काच खाली करत होते. स्टेशन मागे पडलं, दोन-चार दुकानं मागे पडली आणि झाडांच्या फटीतून पाणी लखलखलं. तिची मान आपोआप तिकडे वळली.

“समोर बघ,” आप्पा म्हणाले. “मी सांगतो ना.”

तिने मान सरळ केली.

“दोन होड्या आहेत,” ते सांगू लागले. “एकीत माणूस उभा आहे. जाळं उचलतोय. थांब, हळू घे जरा... उचललं बघ.”