तीन ठिकाणचे कातडे

सत्य जाणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. ते पेलण्याचे बळ मात्र त्या अधिकारासोबत मिळतेच असे नाही. म्हणून पुष्कळ सज्जन माणसे असत्य बोलत नाहीत, केवळ सत्य उलटून ठेवतात: डाग आत, तुकतुकीत बाजू वर. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण स्वतःच्या भयाकडे एकदा पाहावे.

चामड्याच्या पिशव्या शिवण्यात ज्यांची चाळीस वर्षे गेली, त्या कारागिराला सारे मास्तर म्हणत. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात मांडीवर निवांत पडला की अंगठा आपोआप हलू लागे. त्यांच्या थोरल्या भावाचे दुखणे असेच सुरू झाले होते, आणि शेवटच्या दोन वर्षांत तो स्वतःच्या बायकोला विचारी, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" मास्तरांना मरणाचे भय नव्हते. भय होते ते त्या एका प्रश्नाचे.

डॉक्टरांकडे जाणे टळेना, तेव्हा त्यांनी एक चूक केली. हातांवर जगणाऱ्या माणसालाच सुचेल अशी ती चूक होती. याच तपासणीतून गेलेल्या एका शेजाऱ्याने त्यांना सांगितले होते की तिथे अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावतात, मूठ उघडझाप करवतात. मास्तरांनी तीन आठवडे कामाच्या पाटाशी बसून त्याचा सराव केला, नवशिक्याला टाका शिकवावा तसा: आधी सावकाश, मग जलद.

"बोटं तर शिलाई मशीनसारखी चालतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण चालताना उजवा हात झुलत नाही. वास नीट येतो?"

"येतो की! वासावरच आमचं पोट आहे."

सोबत आलेल्या पत्नीने मान खाली घातली. पाच वर्षे मास्तरांना कमावलेल्या कातड्याचा वास येत नव्हता, आणि हे तिला ठाऊक होते.

डॉक्टरबाईंचे निदान पक्के होईना. त्यांनी समजावले, "त्वचेत बारीक मज्जातंतू असतात. पार्किन्सन किंवा त्याच्या भावंडांसारखे आजार असले, की त्या तंतूंत एक प्रथिन साचलेलं सापडू शकतं. तीन ठिकाणची कणभर कातडी काढू. मान, मांडी आणि घोट्याच्या वर."

ठरल्या दिवशी टेबलावर तीन बाटल्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर जागेचे नाव. मास्तरांनी हत्यार पाहायला मागितले. गोल, पोकळ पाते. तोंड मोहरीहून थोडे मोठे. पट्ट्याला भोक पाडायचे त्यांचे हत्यार याचाच थोरला भाऊ शोभले असते.

"धार कोण लावतं?"

"कुणी नाही. एकदा वापरून टाकून देतो."

"एवढी धार टाकून देता? माझ्या हाताखाली असतात तर ओरडलो असतो." मास्तर हसले. "आणि थरथरतो हात, तुम्ही कापता मान?"

"आजार काही फक्त हातात नसतो, मास्तर."

मास्तरांनी मानेवरून हात फिरवला. कातडे विकत घेताना ते स्वतः पाठीची मधली सुंदर बाजू कधी पाहत नसत. मानेपाशी आणि कडेला दुमडून पाहत. हजारो कातड्यांचे दोष त्यांनी असेच पकडले होते. बोटांना सराव देता आला; मानेच्या कातड्याला काय शिकवणार? जागा बधिर झाली होती. केवळ दाब जाणवला, आणि मनगटाचा तो अर्धा पीळ, जो चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्या कातड्यांना दिला होता.

अहवालाला चार आठवडे लागणार होते. रोज जाग येताच मास्तर पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहत आणि तिचे नाव मनात उच्चारत. आज आठवले. आजही आठवले.

"अहो, सकाळी सकाळी काय असं टक लावून बघताय? मुलगी पाहायला आलात का?"

त्यांनी तिचे नाव पुन्हा एकदा मनात म्हटले.

अहवाल आला. "दोन नमुन्यांत ते प्रथिन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणजे दादासारखंच?"

"कातडीनं आजाराचं घराणं सांगितलं. त्यातला कोणता, ते तुमच्या लक्षणांवरून ठरवायचं. म्हणून आता खरं सांगा."

मास्तरांनी टेबलाची कड धरली. मग सराव सांगितला, वासाचे सांगितले. बोलून झाल्यावर पत्नीने हळूच बाही वर सरकवली. दंडावर निळसर डाग होता.

"झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. यांना मी कपाट लागलं म्हणून सांगितलं."

मास्तरांनी तिचा दंड जवळ ओढून पाहिला. "अगं, मला का नाही बोललीस?"

"तुम्ही घाबरला असता."

"आणि तू?"

"मी तर घाबरलेलीच होते."

डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासले. या वेळी बोटे आपटता आपटता शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तशी पाठ केलेली लय मोडली आणि बोटांची खरी चाल दिसली. उत्तरे मात्र सारी बरोबर आली. "पार्किन्सनच दिसतोय. स्मृती आज उत्तम आहे. पुढचं वचन मी देत नाही. गोळ्या सुरू करू, झोपेचंही बघू. आणि पुढच्या वेळी अभ्यास करून येऊ नका!"

भय गेले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नव्या कातड्याचा तुकडा पत्नीच्या नाकाशी धरला.

"सांग."

"कुबट आहे. परत पाठवा."

त्यांनी तुकडा बाजूला ठेवला, डागाची बाजू वर करून.

ज्यांचे हात थरथरतात आणि जे ते हात धरून बसतात, त्या सर्वांना रोज सकाळी एकमेकांचे नाव आठवो.