फास्ट म्हणजे पक्का

डोळ्यांसमोर आणा बरं : तुमच्या हातात खोडरबर आहे. समोर तुमचाच पेपर, त्यावर तुमच्याच अक्षरातला एक शब्द. सगळा वर्ग तुमच्याकडे बघतोय आणि सर म्हणताहेत, "खोड." आता ते खोडरबर मुठीत घट्ट आवळा. पारोळ्याच्या शाळेतल्या सहावीच्या रुखसारने ते असंच आवळलं होतं, आणि मूठ काही उघडत नव्हती.

"खोड की गं," लीलाधर सर म्हणाले. "फास्ट म्हणजे जलद. जलद लिही, मी इथल्या इथं एकोणीसचे वीस करतो."

वीस इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहायचे होते. एकोणीस बरोबर आले होते. विसाव्या शब्दापुढे, फास्टपुढे, तिने शिसपेन्सिलीने 'पक्का' लिहिलं होतं आणि त्याच्या डोक्यावर सरांच्या लाल शाईची फुली बसली होती. सर तसे मायाळू. पेपर पेन्सिलीने लिहायला लावायचे ते याचसाठी, की चुकलेल्याला सुधारता यावं. पण जळगावच्या शब्दस्पर्धेला वीसपैकी वीसवालेच जाणार होते आणि यादी उद्या लागणार होती. रुखसारने तर जळगावला घालायच्या ओढणीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

"पण सर, पक्का बरोबर आहे."

"कुठल्या पुस्तकात?"

"आमच्या घरी," ती म्हणाली.

वर्ग फिस्सकन हसला. मागच्या बाकावरून तोतारामचा आवाज आला, "सर, हिचे अब्बा रंगाच्या भट्टीवर इंग्रजी शिकवतात!"

आता मात्र हसण्याला धरबंध राहिला नाही. रुखसारने खोडरबर सरांच्या टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आवाज न होऊ देता.

"मी नाही खोडणार."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं. पेपर घरी ने. उद्या काय ते सांग."

शाळा सुटल्यावर सुलक्षणा तिच्या मागे धावत आली. दोघी एकाच बाकावरच्या.

"खोडी टाक ना व बहीन! एक शब्दनाकरता कसाले भांडस? मीबी पहिले उपास लिखं व्हतं. मन्ही सुरतवाली मामी चतुर्थीले 'आज मन्हा फास्ट शे' म्हनस. सरनी फुली मारी, मी खोडी टाकं. भेटनात ना वीस!"

"मग काय, उपास खोटा शे?"

"खोटा कसाले व्हई?" सुलक्षणा म्हणाली. "पन जळगावबी तं खरं शे ना!"

सुलक्षणा वळणावरून घरी गेली आणि रुखसार किल्ल्याच्या बाजूने भट्टीकडे निघाली.

तिचा बाप हनीफ भट्टीपाशी उभा होता. तांब्याच्या हंड्यात लाल पाणी खदखदत होतं आणि तो लांब काठीने त्यात ओढण्या वरखाली करत होता. रंगाऱ्याचे हात; कोपरापर्यंत कधी निळे, कधी हिरवे, सणाच्या दिवशीसुद्धा पुरते उजळ न होणारे. रुखसारने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, अब्बा चिडतील, उद्या शाळेत येतील.

"मिटा दे, बेटा," हनीफ म्हणाला. "सर बोले तो सर बोले."

रुखसारने कोपऱ्यातला रंगाचा डबा उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"अब्बा, इसपे क्या लिखा है?"

हनीफला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण चार अक्षरांचा तो आकार त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या बापानेही तोच आकार बघून डबे घेतले होते.

"फास्ट. ये तो आँख मूँद के बता दूँ."

"मतलब?"

हनीफची काठी थांबली. "मतलब, गिऱ्हाईक लौट के आए तो गाली देने नहीं आता, दूसरी ओढनी रंगवाने आता है." मग त्याने दांडीवरची वाळलेली लाल ओढणी ओढली, पांढरी चिंधी पाण्यात बुडवली आणि ओढणीवर करकचून घासली. एकदा, दोनदा, तीनदा. चिंधी पांढरीच राहिली. रोजची सवय होती ती. चिंधी पांढरी राहिल्याशिवाय त्याच्या भट्टीवरून वीतभर कापड बाहेर जात नसे. "ये देख. रंग जाता नहीं. ये है फास्ट."

एवढं म्हणून तो पुन्हा हंड्याकडे वळला.

"लेकिन तू मिटा दे. जळगाव हो के आ."

हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. उकळत्या पाण्यात बघत होता, आणि तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

रुखसारने चिंधी उचलली, पिळली आणि घडी घालून दप्तरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सर यादीचा कागद घेऊनच वर्गात आले. पेनाचं टोपण काढलेलंच होतं.

"काय ठरलं, रुखसार?"

ती पेपर घेऊन टेबलापाशी गेली. दुसऱ्या हातात चिंधी होती, नुकतीच नळाखाली भिजवलेली. तिचे थेंब फरशीवर पडत होते.

"सर, आमचे अब्बा असं बघतात."

तिने वेणीची लाल रिबीन पुढे घेतली. ती हनीफच्या हंड्यातलीच. रिबिनीवर चिंधी घासली आणि सरांपुढे धरली. पांढरी.

"अगं, ते रंगाचं झालं," सर म्हणाले. "मी इंग्रजीचं…"

रुखसारने पेपर टेबलावर पसरला आणि तीच चिंधी फुलीवरून फिरवली.

लाल शाई पसरली. फुलीचे दोन्ही पाय आधी एकमेकांत मिसळले, मग नाहीसेच झाले. चिंधी गुलाबी झाली. कागदावर फिकट ओला डाग उरला, आणि त्या डागात पेन्सिलीने लिहिलेला 'पक्का' होता तसा उभा.

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा तोताराम नीट दिसावं म्हणून उभा राहिला.

सरांनी चिंधी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग आपल्या पेनाकडे पाहिलं, टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. यादीच्या कागदाची घडी त्याच्या मागोमाग गेली.

"यादी उद्या," ते म्हणाले.

मग खडू घेऊन ते फळ्याकडे वळले. वर इंग्रजीत फास्ट लिहिलं. त्याखाली एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे 'जलद'. त्याखाली आणखी एक रेघ ओढली. तिच्यापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. वळून खडू रुखसारपुढे धरला.

रुखसारने खडू घेतला. वर्ग मान उंचावून बघत होता. सुलक्षणा तेवढी खाली बघत होती. स्वतःच्या पेपरवर 'उपास' जिथे खोडला होता, तिथला कागद खरवडून पातळ झाला होता आणि ती त्यावरून बोट फिरवत होती.

रुखसार फळ्याकडे गेली नाही. ती बाकापाशी आली आणि तिने खडू सुलक्षणाच्या हातात दिला.

"आधी तुझा लिही," ती म्हणाली. "माझा जात नाही."