डायमंड क्लब आणि मैदानातला निंब

चिठ्ठी किसनसिंगानं स्वतःच्या हातानं काढली, स्वतःच उघडली, मनातल्या मनात वाचली, आणि मग प्यायला पाणी मागितलं. तेवढ्यावरून पांढरकवड्याच्या मंडळींनी ओळखलं, की लोट्यातून भलतंच काहीतरी निघालं आहे.

साल एकसष्ट. दिवाळी नुकतीच झालेली. किसनसिंगाचे ट्रक नागपूर-हैदराबाद रस्त्यावर चालत. धंदा बरा चालला की माणसाला बाप आठवतो, तसा त्यालाही आठवला, आणि त्यानं 'हिरासिंग कप' नावाची फुटबॉलची स्पर्धा ठेवली. हिरासिंगानं उभ्या जन्मात बॉलला पाय लावला नव्हता; पण कपावर नाव कोरायला तशी अट नसते. आसपासच्या टीमा आल्या. मध्यंतरी नागपूरला माल टाकायला गेलेला किसनसिंग तिथल्या डायमंड क्लबलाही सहज सांगून आला होता, "या एकदा आमच्याकडे." 'या' म्हणायची आपल्यात रीत आहे. ऐकणाऱ्यानं 'येऊ की' म्हणायचं आणि यायचं नाही, ही त्याच्या पुढची रीत. डायमंडवाल्यांना ती ठाऊक नसावी. ते येतो म्हणाले.

"कोन निंगालं जी आपल्या वाट्याले?" बाबारावानं विचारलं. हा जिनिंगमध्ये कापूस तोलायला असे, आणि मैदानावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडायला.

"डायमंड," किसनसिंग म्हणाला.

नजीर मिस्त्रीच्या सायकलच्या दुकानासमोर ही मंडळी जमली होती. एकजण ट्यूबमध्ये हवा भरत होता, त्याचा पंप अर्ध्यावर थांबला.  ट्यूबमधली हवा हळूहळू निघून जात होती.

"वरच्या डिव्हिजनचे?"

"हव."

"बूट घालून खेळते थे?"

"बूट कायचे घेऊन बसला! पाठीवर नंबर असते त्याइच्या."

आपली पोरं अनवाणी खेळत. नंबर त्यांच्याही पाठीवर घालता आला असता, पण निम्म्यांच्या पाठीवर गंजिफ्राकच नसे.

सगळं गाव हबकलं होतं, आणि त्यात सर्वांत जास्त हबकला होता नजीर. कारण त्याचा शब्द गुंतला होता. गेल्या साली सायकलींचं सामान आणायला तो नागपूरला गेला असताना त्यानं डायमंडची मॅच पाहिली होती. कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या शेजाऱ्याला तो कौतुकानं म्हणाला, "आमच्या पांढरकवड्यालेही टीम हाये." त्यावर त्या गृहस्थानं फार जिव्हाळ्यानं विचारलं, "असं का? तिकडे बॉल गोलच असतो ना?" नजीर तसा शांत माणूस. पण त्याच्या दुकानात गावातल्या एकुलत्या एका फुटबॉलच्या ब्लॅडरला ठिगळं लागत, त्यामुळे बॉलच्या आकाराबद्दल तो हळवा होता. तो म्हणाला, "याच डायमंडवर आमचा धर्मपाल एक दिवस गोल मारन, अन् थो गोल मी या दोन डोळ्यांनं पाहीन."

एवढं बोलून तो गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण गावी येऊन त्यानं ही हकिगत स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितली.

"अब देखो दोन डोळ्यांनं," त्याची बायको हुस्नाबी जेवण वाढताना म्हणाली. "मले तं त्याइचेच गोल दिसून राह्यले, अल्ला कसम."

"एक पायजे मले. फक्त एक. बाकी त्याइनं किती का मारेनात."

आणि एक गोल अशक्य नव्हता. त्याचं कारण मैदानात उभं होतं.

बाजाराच्या मागे आपलं मैदान. त्याच्या एका टोकाला, गोलाच्या खांबापासून थोडं उजव्या हाताला, चुन्याच्या रेषेच्या आत एक निंबाचं झाड होतं. मांडीएवढा बुंधा, अंगानं सडपातळ. त्याला कोणी लावलं नव्हतं. बकऱ्यांच्या नजरेतून सुटलं म्हणून वाढलं. झाड मैदानात, म्हणून झाड खेळात, असा गावचा नियम. बॉल बुंध्याला लागला तरी खेळ चालू. आणि धर्मपालला एक गोष्ट साधली होती. उजवीकडून पळत येऊन त्यानं बुंध्यावर गुडघ्याच्या उंचीला बॉल हाणला, की संध्याकाळी गाय आपल्या घराकडे वळते तसा तो बॉल गोलाकडे वळे. आजवरचे त्याचे सगळे गोल असेच झालेले. गाव धर्मपालला सेंटर फॉरवर्ड म्हणे. नजीरचं मत असं, की खरा सेंटर फॉरवर्ड निंब आहे. धर्मपाल त्याला पास देतो.

धर्मपालचं पाळण्यातलं नाव उकंडा. छप्पन साली घरची मंडळी नागपूरहून दीक्षा घेऊन आली, आणि यानं स्वतःच स्वतःचं नाव धर्मपाल ठेवलं. साऱ्या गावाच्या तोंडी ते बसलं. फक्त त्याच्या आईनं, पंचफुलाबाईनं, मैदानापुरती सवलत ठेवली होती. गोल मारला की ती बाजूनं ओरडे, "धर्मपाऽऽल!" आणि चुकला की, "अरे उकंड्या!" डोळे मिटून बसलेल्यालाही काय झालं ते कळे.

तयारी सुरू झाली. दुकानात बैठक बसली तेव्हा नजीर भरात येऊन म्हणाला, "हारजीत खुदाच्या हाती. पन नागपूरवाले आपल्याले हसले नाई पायजे. पाहुन्याच्या डोळ्यात खुपन असं काई दिसाले नोको." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबारावानं जरा जास्तच डोलावली. शनिवारी तो कुऱ्हाड घेऊन दुकानात आला.

"धार लावून द्या, नजीरभाई."

"काहून?"

"पाहुन्याच्या स्वागतासाठी."

मथुराबाईच्या खानावळीत पाहुण्यांचा स्वयंपाक होणार होता. त्याची लाकडं असतील, असं समजून नजीरनं साणेवर अशी धार काढली की बाबारावानं पात्यात तोंड पाहून घेतलं.

रविवारी सकाळी, नमाज उरकून, नजीर बॉल काखेत घेऊन मैदानावर गेला. मैदान ओळखू येत नव्हतं. गोटे वेचलेले, चुन्याच्या रेषा आखलेल्या, पताका लावलेल्या. नवरीकडच्या मांडवातही इतकी झाडलोट नसते. आणि गोलाच्या उजव्या हाताला, जिथं निंब होता, तिथं शेणाचा सडा घातला होता आणि सड्यावर रांगोळी काढली होती. कमळ होतं.

नजीर त्या कमळाकडे पाहत राहिला. मग त्यानं मागे वळून दुसरा गोल पाहिला. आपण चुकून त्या टोकाला तर आलो नाही ना, अशी त्याला आशा होती.

"कसं वाटलं?" बाबाराव हसत पुढे आला.

"बाबाराव... झाड?"

"पाडलं!"

"पाडलं?"

"मंग? वरात येनार असली का वाटेवरची आडवी फांदी तोडतोच का नाई आपन? इथं तं आक्खं झाडच आडवं. तुमीच म्हनलं, पाहुन्याच्या डोळ्यात खुपलं नाई पायजे. बूटवाले लोकं, पयता पयता आदळले त्याच्यावर, तं आपलंच नाव खराब!"

"अबे, पन..."

"अन् धार काय देल्ली होती तुमी, नजीरभाई! दहा घावांत आडवं."

नजीर खाली बसला. त्याला बाबारावाला चार शिव्या द्यायच्या होत्या. पण शब्द त्याचा, धार त्याची, मग शिव्या कोणाच्या कोणाला द्यायच्या? तेवढ्यात धर्मपाल आला. त्यानं रांगोळी पाहिली, वर आभाळ पाहिलं, पुन्हा रांगोळी पाहिली.

"मंग मी बॉल कायले मारू?" त्यानं विचारलं.

"कायले म्हंजे? गोलात मार ना बे!" बाबाराव म्हणाला.

"गोलात? सरळ?" धर्मपालचा चेहरा असा झाला, जणू त्याला कोणी भिंतीतून घरात शिरायला सांगितलं आहे.

आता कुठे बाबारावाच्या डोक्यात उजेड पडला. हातातला चुन्याचा डबा त्याच्या पायावर पडला, तरी त्याला कळलं नाही. "माय वं," एवढंच तो म्हणाला.

"झाड कुठी हाये?" नजीरनं विचारलं.

झाड मथुराबाईच्या खानावळीमागे होतं. दोन बकऱ्या त्याचा पाला खात होत्या आणि एक फांदी तिनं चुलीत सारलेली होती.

"मथुराबाई, झाड वापस पायजे," नजीर म्हणाला.

"कायले?"

"लावाचं हाये."

मथुराबाईनं कढईवरून नजर वर केली, नजीरला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि बकऱ्या बाजूला बांधल्या. तापलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे तिला ठाऊक होतं.

मग गावानं ते झाड खांद्यावर घेतलं. कमळाखाली दडलेल्या खुंटाला लागून खड्डा खणला, वेचून टाकलेले गोटे परत आणून बुंध्याभोवती ठोकले. झाड उभं राहिलं. पण तेराव्याच्या जेवणाला आलेल्या म्हाताऱ्यासारखं सारखं एका बाजूला कलत होतं. शेवटी दोन दोर बांधले. एक दोर गोलाच्या मागून नजीरनं धरला, दुसरा कोपऱ्याकडून बाबारावानं. दोघांनी ताणून धरलं की निंब सरळ राही.

दुपारी डायमंड क्लब आला. त्यांच्या कॅप्टननं हार घालून घेतला, पोहे खाल्ले, आणि मैदानात पाऊल टाकताच तो थबकला.

"यह क्या है?"

"झाड," किसनसिंग म्हणाला.

"मैदान में?"

"पहले से है."

"और रस्सी?"

"इधर हवा बहुत चलती," बाबारावानं दोर न सोडता सांगितलं. पताकांतली एकही हलत नव्हती.

यवतमाळहून आलेल्या रेफरीनं नियम विचारला. झाड खेळात आहे, बॉल लागला तरी चालू, असं त्याला सांगितलं. कॅप्टननं झाडाकडे पाहिलं, दोन्ही दोरवाल्यांकडे पाहिलं. पोहे बरे झाले होते. "कबूल," तो म्हणाला.

मग मॅच सुरू झाली. आपल्याकडे बॉल आला की जोरात हाणायचा, हा खेळ. हे लोक बॉल हाणतच नव्हते. एकमेकांना देत होते, पंगतीत मीठ वाढावं तसा, थोडा थोडा. अर्ध्या वेळेपर्यंत पाच गोल झाले. शिव्या द्यायला म्हणून लांबून आलेले लोक तोंड उघडं टाकून बसले होते. दुसऱ्या अर्ध्यात आपल्या टीमला निंबाच्या टोकाकडच्या गोलात मारायचं होतं, तरी दोन गोल पलीकडेच झाले.

नजीर दोर धरून मागे झुकला होता. त्याच्या पुढे पाला, आणि पाल्यातून मैदानाचे तुकडे. तळहात सोलले होते. हे सगळं कशासाठी, तर एका गोलासाठी. आणि वेळ संपत आला होता.

तेवढ्यात उजवीकडून गलका झाला. धर्मपालला बॉल मिळाला होता. त्यानं मान वर केली, समोर निंब पाहिला, आणि त्याच्या तोंडावर घरचं माणूस भेटल्याचा आनंद पसरला. पळत येऊन त्यानं बुंध्यावर हाणला. गुडघ्याच्या उंचीला. ठप्!

तो आवाज बाबारावाच्या ओळखीचा होता. आजवर त्या आवाजानंतर गोल झाला नाही असं कधी घडलंच नव्हतं. म्हणून त्यानं टाळी वाजवली. दोन्ही हातांनी.

नजीरनं दोर ताणलेला होताच. निंब त्याच्या दिशेनं निघाला. डायमंडचा गोलकीपर बॉल धरायला वाकला होता. त्यानं वर पाहिलं, तर झाड चाल करून येत होतं. असलं काही वरच्या डिव्हिजनमध्येही नसतं. तो बूट वाजवत पळाला. नजीर उताणा पडला आणि सगळं हिरवं झालं.

फांद्या बारीक होत्या, लागलं काही नाही. पण हलता येईना, दिसत काहीच नव्हतं. आणि बाहेर शांतता. इतकी शांतता की पताकांची दोरी करकरलेली ऐकू येत होती. नजीरनं ओळखलं. कोणाच्या तरी अंगावर झाड पडलं. आपल्या शब्दापायी माणूस मेला.

"काय झालं?" त्यानं पाल्यातून विचारलं. "कोनी मेलं का?"

 सगळं गाव जागच्या जागी दगड झालं होतं. मग रेफरीची शिट्टी वाजली, लांबलचक. तिचा अर्थ नजीरला लागेना. कॅप्टनचा आवाज आला, "झाड खेल में है, साहब. मैंने ही कबूल किया था." आणि तो पोट धरून हसत असावा.

त्यानंतर, त्या मुक्या गर्दीतून, एकटीच बाई ओरडली.

"धर्मपाऽऽल!"

उकंड्या नाही. धर्मपाल.

नजीर निंबाखाली तसाच पडून राहिला. तोंडात पाला गेला होता, तो थुंकायचं त्याला सुचलं नाही. त्यानं तो सावकाश चावून गिळला. मग फांद्या बाजूला सारत बाबाराव आत डोकावला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"नजीरभाई! लागलं तं नाई ना? गोल पाह्यला का तुमी? पाह्यला ना?"

नजीरच्या एका डोळ्यात माती होती आणि दुसऱ्यात निंबाची काडी.

"पाह्यला," तो म्हणाला. "दोन डोळ्यांनं."