एकशे बारा विहिरी आणि एक न वाचलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, थोडं हळवं व्हावं अशी रीत आहे. छत्री तसं बोलते, शाळेचा फळाही तसाच बोलतो. त्यांचं त्यांना लखलाभ. माझ्यावर तीन दिवस खोटा आळ होता आणि ज्याने तो घेतला, त्याचीच ती करणी होती. आधी ते ऐका, मग मला गोड बोलायला सांगा.

माझा जन्म १९९९ सालचा. विरार स्टेशनजवळच्या एका दुकानात सुमेध नावाच्या कारागिराने मला जोडलं. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा, कळफलक तिसरीकडचा, असं माझं कूळ. तिथून रिक्षात, आलोशियस सरांच्या मांडीवर बसून मी नंदाखाल गावी आलो. सर नुकतेच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलेलं, आणि सारांशलेखनात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यांच्या पत्नीने, क्लाराबायने, माझ्यासाठी भरतकामाचं आवरण शिवलं. घरात ती दोघं आपल्या बोलीत बोलत. तुम्हाला कळावं म्हणून मी त्यांचं बोलणं शाळेतल्या मराठीत सांगतो आहे.

पहिली चार वर्षं माझी चैन होती, हे खोटं कशाला बोलू? बागायतदार मंडळाची पत्रं मी लिहिली, लग्नाच्या पत्रिका जुळवल्या, चर्चच्या सणाचे कार्यक्रम छापले. लोक म्हणत, "सरांचा कॉम्प्युटर म्हणजे सरांसारखाच, एक चूक नाही." मला ते आवडायचं.

मग २००३ साल आलं. सरकारी कचेरीने गावच्या जमिनीचा एक मसुदा नकाशा लावला. त्यात आमच्या आळीमागचा सगळा पट्टा, म्हणजे केळी, नारळ, कागड्याच्या फुलांचे वाफे, सगळ्यांवर एकच शिक्का होता : 'पडीक, पाण्याचा साठा नाही.' पडीक म्हटलं की पुढे तिथे काय उभं राहतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शेजारच्या सालोमीचं सारं घर त्या वाफ्यांवर चालायचं. ती कचेरीत जाऊन म्हणाली, "साहेब, माझी विहीर आहे तिथे." तिला उत्तर मिळालं, "नकाशात दिसत नाही." हरकती द्यायला शुक्रवार, बारा डिसेंबरपर्यंत मुदत होती.

तेव्हा सरांनी ठरवलं की विहिरी नकाशात दाखवायच्या. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी ऋतिका विरारला राहायची आणि अंधेरीला नकाशांच्या सॉफ्टवेअरचं काम करायची. तिने आकाशातल्या उपग्रहांना विचारून जागा सांगणारं एक छोटं यंत्र आणलं. दोन रविवार ती आणि सर कुंपणं ओलांडत, काटे काढत विहिरीमागून विहीर फिरले. एकशे बारा भरल्या. वहीत फक्त मालकाचं नाव आणि खोली लिहिली. जागेचे आकडे यंत्रातून थेट माझ्या पोटात गेले आणि त्यांची दुसरी प्रत कुणी काढली नाही. हे ध्यानात ठेवा.

त्या आकड्यांचा नकाशा काढणारा प्रोग्राम ऋतिकाने लिहिला. त्याला एक लायब्ररी लागत होती. पुस्तकांची नव्हे. आकाशातले आकडे कागदावर कसे बसवायचे, हे ज्यांनी आधीच सोडवून ठेवलंय, त्यांच्या तयार कामाची ही पेटी. सात तारखेला, रविवारी, सर मंडळाच्या बैठकीला गेले असताना ऋतिका सीडी क्लाराबायच्या हातात देऊन गेली आणि म्हणाली, "सरांना सांगा, टाकून घ्या. उद्या दुपारी मी ऑफिसातून फोन करीन, अडलं तर सांगा."

आता सरांचा प्रताप सांगतो. नोव्हेंबर सरता सरता आमच्या गावात नाताळची साफसफाई सुरू होते. भिंतींना रंग लागतो, अंगण सारवलं जातं, माळे रिकामे होतात. सरांनी माझीही सफाई काढली. माझ्या आतल्या फायली ते एकेक करून उघडून बघू लागले आणि जी उघडेना ती निकामी ठरवू लागले. शाळेत मोडके बाक, फुटक्या घंटा टाकून देण्याआधी डेडस्टॉक रजिस्टरात लिहायची पद्धत असते. सरांनी घरीही तसंच रजिस्टर ठेवलं होतं. त्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात एकोणीस फायलींची नावं लिहिली, पुढे कारण लिहिलं 'निरुपयोगी', खाली सही केली आणि त्या फायली पुसून टाकल्या. पुसलेल्या फायली ज्या टोपलीत पडतात तीही रिकामी केली. अरे, ज्या उघडत नाहीत त्याच तर मला आतून उभं धरत होत्या! घराचे वासे खोलीत दिसत नाहीत म्हणून कुणी काढून टाकतं का? पत्रं टाइप करायला त्या लागत नव्हत्या, म्हणून काही बिघडलंय हे कुणाला कळलं नाही.

सोमवारी सरांनी सीडी घातली. लायब्ररी आत उतरली, प्रोग्राम सुरू केला आणि मी अडलो. अडलो म्हणजे गप्प बसलो नाही. पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ दोन ओळी दाखवल्या. पहिली ओळ अशी : अमुक नावाची फाईल सापडत नाही, म्हणून हे चालत नाही. दुसरी अशी : पुन्हा इन्स्टॉल केल्यास कदाचित दुरुस्त होईल. दुसरी ओळ बिनकामाची होती, कबूल करतो. ती फाईल सीडीवर नव्हतीच, ती माझ्यात आधीपासून असेल असं लायब्ररीवाल्यांनी गृहीत धरलेलं. पण पहिली ओळ सोळा आणे खरी होती.

दुपारी फोन आला.

"सर, काही मेसेज आला का?" ऋतिकाने विचारलं.

"आला."

"काय म्हणतोय?"

सरांनी चष्मा सावरला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं, सारांश सांगितला. "पुन्हा इन्स्टॉल करा म्हणतोय."

"मग करा ना सर."

तीन दिवसांत सरांनी अकरा वेळा ते केलं. अकरा वेळा मी तेच नाव दाखवलं. अकरा वेळा त्यांनी ओके दाबून माझं तोंड बंद केलं. घसा फोडून सांगावं आणि समोरच्याने दार लावून घ्यावं, असं तुमच्या वाट्याला आलंय का कधी? दर संध्याकाळी मंडळाची माणसं विचारायला येत आणि सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "खटारा निघाला. ऐन वेळी दगा दिला." दगा! मी दिला!

बुधवारी सुमेधला बोलावलं. ज्याने मला जोडलं तो तरी माझं ऐकेल असं वाटलं होतं. त्याने दोन बटणं दाबली, ओके केलं आणि म्हणाला, "सर, सिस्टिम करप्ट आहे. फॉरमॅट मारतो, सगळं नवीन टाकतो."

"आणि विहिरी?" क्लाराबायने विचारलं.

"आत असेल ते जाणार, आंटी."

सर म्हणाले, "नुसते आकडे घेऊन तरी काय करू? नकाशा निघतच नाही. उद्या सकाळी ये." एकशे बारा विहिरी, आणि त्यांना माझ्यासकट पुसून टाकायला हा गृहस्थ तयार झाला. त्या क्षणी मला हात असते तर मी त्यांचा कान धरला असता.

गुरुवारी सकाळी सर बागेत गेले आणि क्लाराबाय माझ्यासमोर येऊन बसली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं येतात, भाषा येत नाही. पण गावात तिची एका कामासाठी ख्याती आहे. नोव्हेंबरात मृतांसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होतो, त्यात वाचायची नावांची यादी तीच लिहिते, आणि गेल्या वीस वर्षांत तिच्याकडून एक नाव सुटलेलं नाही. कळत नाही म्हणून गाळायचं, हे तिच्या हातून होतच नाही. तिने माझ्या दोन्ही ओळी कॅलेंडरच्या पाठीमागे अक्षर न् अक्षर उतरवून घेतल्या आणि ऋतिकाला फोन लावून तशाच वाचून दाखवल्या.

पलीकडून ऋतिका म्हणाली, "आंटी, हे नाव मला आधी कुणी सांगितलंच नाही. ही फाईल तर प्रत्येक मशीनमध्ये असते. तुमच्याकडची गेली कुठे?"

क्लाराबायला नवरा ठाऊक होता. या घरातून फुटकी बशीसुद्धा नोंद झाल्याशिवाय बाहेर जात नाही. तिने रजिस्टर काढलं, बोट खाली नेत नेत सातव्या नावावर थांबवलं आणि सर येईपर्यंत ते तिथेच ठेवलं.

सरांनी रजिस्टर बघितलं, कॅलेंडर बघितलं. हातातला केळीचा लोंगर खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"वर्गात मुलगा उत्तर देताना तुम्ही त्याचं अर्धंच ऐकायचात का?" क्लाराबाय म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तीन दिवस तो बिचारा एकच नाव घेतोय. आणि गावभर बदनाम केलंत त्याला."

तेवढ्यात सुमेध सीड्या घेऊन दारात आला. "चहा घे आणि जा," ती त्याला म्हणाली. "ह्याला कुणी हात लावायचा नाही."

दुपारी ऋतिका रजा टाकून आली. क्लाराबायने रजिस्टरातली नावं फोनवर वाचून दिली होती, त्यावरून घरच्या कॉम्प्युटरमधल्या त्या एकोणीस फायली तिने फ्लॉपीवर आणल्या होत्या. त्या जागच्या जागी ठेवल्या, लायब्ररी एकदाच, बाराव्यांदा, टाकली, आणि मी चाललो. माझ्या पडद्यावर आळी उमटली, मग निळे ठिपके येऊ लागले. 'पडीक' म्हटलेल्या जमिनीत जागा उरली नाही इतके ठिपके आले. सालोमी खिडकीतून बघत होती. "माझी कुठली?" तिने विचारलं. ऋतिकाने बोट लावून दाखवली. सर मंडळाच्या लोकांना म्हणाले, "मशीन सुधारलं एकदाचं." मी सुधारलो! ऐकताय ना तुम्ही? क्लाराबायने त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून बागेत गेले.

शुक्रवारी कचेरीत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. क्लाराबायने शेजाऱ्यांना माझ्याच खोलीत सांगितलं, म्हणून मला ठाऊक. साहेबांनी नकाशा आणि यादी घेतली, शेवटचं पान उलटलं, पोच दिल्याचा शिक्का उचलला आणि म्हणाले, "ठीक आहे, विचार होईल."

सरांनी कागदावर हात ठेवला. "साहेब, पहिली ओळ वाचा."

"नंतर बघू ना मास्तर. बाहेर रांग आहे."

"परवापर्यंत मीही हेच केलं," सर म्हणाले. मागे सगळं मंडळ उभं होतं आणि सर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "कॉम्प्युटर खराब नव्हता. खराबी मीच केली होती. काय गेलंय ते तो तीन दिवस नाव घेऊन सांगत होता आणि मी पहिली ओळ सोडून दुसरीच वाचत होतो. त्यात या सगळ्यांच्या विहिरी जाणार होत्या. तुम्ही वाचा. मी थांबतो." आणि ते समोरच्या खुर्चीवर बसले.

साहेबांनी शिक्का खाली ठेवला आणि वाचलं. पहिलं नाव सालोमीचं होतं, विहीर बावीस फूट, पाणी बारमाही. त्यांनी कपाटातून मसुदा मागवला, नकाशा त्याच्या शेजारी पसरला आणि 'पाण्याचा साठा नाही' या शब्दांखाली पेनाने रेघ मारून प्रत्यक्ष पाहणीचा दिवस लिहिला.

मित्रांनो, आता मी माळ्यावर असतो. मला पुसा, झाका असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो, समोरचा अडला तर त्याच्या नावाने खडे फोडण्याआधी तो काय म्हणतोय ते पूर्ण वाचा, न कळणारा शब्दसुद्धा गाळू नका. सर आता तसं वाचतात, असं ऐकतो. त्यांनी चूकही कबूल केली, चारचौघांत, मान खाली घालून. पण ती साहेबांच्या टेबलासमोर केली. मी तिथे नव्हतो. घरी येऊन माझ्यासमोर एकदा बसायला काय झालं होतं त्यांना?