तलवारवाल्याचा दुसरा भाग

मी बोलतोय तो गेमचा रिमोट. दुकानदार मला कंट्रोलर म्हणतात, पोरं जॉयस्टिक म्हणतात आणि मी राहिलो त्या घरच्या नवसाबाई अजूनही मला टीव्हीचाच रिमोट समजून माझ्याकडून सिरियल लावायला बघतात. मी राग मानत नाही. दोन मुठींत मावेल एवढा काळा देह, अंगठ्यांखाली बटणं, पाठीला आणखी चार आणि पुढून निघालेली लांब वायर, एवढंच माझं रूप. पण माझ्या पोटात आज ज्या तारा आहेत, त्या कारखान्यात घातल्या तशा राहिलेल्या नाहीत. त्या कुणी बदलल्या आणि का बदलल्या, ते तुम्हाला सांगायचंय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर एका बाईनं माझं एकेक बटण दाबून पाहिलं, मान हलवली आणि मला पिशवीत घातलं. पिशवी उघडली ती थेट नाशिकात, शालिमारजवळच्या सोमनाथच्या गेम पार्लरमध्ये. चार टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सतत फिरणारा एक टेबलफॅन. तिथे मी माणसांचे हात ओळखायला शिकलो. कुणाचा हात वडापावच्या तेलानं निसरडा, कुणाचा घामानं चिकट. हरायला लागलं की सगळे एकच वाक्य म्हणायचे, "रिमोटच खराब आहे यार!" जिंकल्यावर मात्र माझं नाव कुणी काढलं नाही.

त्या गर्दीत एक हात वेगळा होता. भारतचा. मखमलाबादच्या बाजूला त्याच्या वडिलांचा, कोंडाजींचा, गुलाबाचा मळा. हा मात्र अंबडच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होता आणि सुट्टीच्या दिवशी सायकल मारत पार्लरला यायचा. इतर पोरं गाड्यांच्या शर्यती मागायची. भारत नेहमी एकच सीडी मागायचा. तिच्यावरचं नाव जपानी होतं, कुणाला वाचता यायचं नाही, म्हणून सगळे तिला 'तलवारवाला' म्हणायचे.

तलवारवाला म्हणजे पांढऱ्या केसांचा एक म्हातारा सामुराई. गवताच्या माळावर तो आणि त्याचा शत्रू समोरासमोर उभे राहायचे. तलवारीच्या मुठीवर हात, वाऱ्याचा आवाज, बाकी काही नाही. शत्रूचा खांदा जरासा हलला की एकदा बटण दाबायचं. एकच वार. आधी दाबलं तर म्हातारा मरणार, उशिरा दाबलं तरी मरणार. पार्लरमधल्या पोरांना हे कंटाळवाणं वाटायचं. भारत मात्र श्वास रोखून थांबायचा. त्याचा अंगठा माझ्या बटणावर इतका हलका असायचा की तो आहे की नाही, हे मलाही कळायचं नाही.

मग भारत यायचा बंद झाला. बऱ्याच दिवसांनी त्याची धाकटी बहीण रूपाली पार्लरमध्ये आली. पॉलिटेक्निकला शिकणारी, तोंडानं फटकळ. तिच्याकडूनच सोमनाथला कळलं. प्रेसखाली भारतचा उजवा हात आला होता. दोन बोटांची पेरं गेली होती आणि अंगठा वाचला असला तरी पार आखडला होता.

"डॉक्टर म्हणतात अंगठा हलवत राहा, नाहीतर कायमचा जाईल," रूपाली म्हणाली. "रबरी बॉल दिलाय दाबायला. दादानं तो विहिरीत टाकला. दिवसभर हात खिशात घालून बसतो. जेवतोसुद्धा डाव्या हातानं."

सोमनाथनं गेमचं जुनं मशीन कपाटातून काढलं, त्यावर मला ठेवलं आणि तलवारवाल्याची सीडी वर ठेवली. "घेऊन जा. हात बरा झाला की आणून दे म्हणावं."

मी मळ्यात आलो. गुलाबाच्या पेंढ्या बांधायच्या खोलीत एक लहान टीव्ही होता, तिथे रूपालीनं सगळं जोडलं. भारतनं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"एका हाताच्या माणसाला गेम आणतेस व्हय?"

"दोन हात आहेत तुला," रूपाली म्हणाली. "एक आळशी झालाय."

तो चिडून बाहेर गेला. ती ओरडली नाही, समजूतही घातली नाही. टीव्ही चालू ठेवून ती फुलं निवडायला बसली. पडद्यावर म्हातारा गवतात उभा होता, वारा वाहत होता. भारत दारात येऊन उभा राहिला. मग आत आला. मग खाली बसला. त्यानं खिशातून हात काढला आणि कितीतरी महिन्यांनी तो हात मी पाहिला. मला तो आधी ओळखूच आला नाही. अंगठा लाकडासारखा ताठ होता. बटणावर ठेवायलाच त्याला दात आवळावे लागले.

पण त्या खेळात घाईला किंमत नव्हती, हेच आमचं नशीब. एकदाच दाबायचं होतं, नेमक्या क्षणाला. भारत पुष्कळदा मेला. मग एकदा शत्रूचा खांदा हलला आणि त्या ताठ अंगठ्यानं मला वेळेवर दाबलं. शत्रू गवतात कोसळला. रूपालीच्या हातातली पेंढी सुटली आणि फुलं जमिनीवर पसरली.

त्यानंतर रोज आम्ही खेळलो. अंगठा दुखायचा, हळूहळू वाकायला लागला. एके सकाळी त्याच्या आईनं, नवसाबाईंनी, चहा आणला तेव्हा भारतनं कप उजव्या हातानं उचलला. त्यांनी बशीही तिथेच सोडली आणि पदर तोंडाला लावून त्या बाहेर निघून गेल्या. वर्ष फिरलं तोवर तो गुलाब कापायची कात्री धरायला लागला. तलवारवाला शेवटपर्यंत खेळून झाला, पुन्हा खेळून झाला. "दुसरा भाग येणार हाय," भारत सगळ्यांना सांगायचा. सोमनाथकडच्या मासिकात त्याचं चित्र आलं होतं. ते कापून त्यानं भिंतीला चिकटवलं. दुसऱ्या भागाची वाट त्या घरानं एखाद्या पाहुण्याची पाहावी तशी पाहिली.

२००६ साली तो आला. सोमनाथ स्वतः गाडीवरून सीडी घेऊन मळ्यात आला. "ग्राफिक्स बघ नुसते!" तो म्हणत होता. कोंडाजीही हात धुऊन दारात टेकले.

पहिल्याच चित्रफितीत खेळ बनवणाऱ्यांनी म्हाताऱ्याला मारलं. झोपेत, मागून. त्याच्या जागी लाल केसांचा एक तरणा पोरगा आला. त्याच्या तलवारीतून जाळ निघायचा. समोर एक शत्रू नाही, शेकड्यांनी शत्रू. थांबायचं नाही, बघायचं नाही, नुसतं बटण बडवत राहायचं. मध्येमध्ये लांबलचक भाषणं. वाऱ्याचा आवाज गेला होता आणि त्या जागी ढणाढणा बाजा होता.

"म्हाताऱ्याला असा मारतात का?" भारत एवढंच म्हणाला.

तरी तो खेळत राहिला, आणि वेशीपाशी अडकला. तिथे एक अवजड दरवाजा वरून खाली येतो. तो तोलून धरायला वाराचं एकच बटण भराभर दाबत राहावं लागतं. भारतचा अंगठा शहाणा झाला होता, पण चपळ झाला नव्हता. दरवाजा पडला. पुन्हा पडला. दिवसामागून दिवस पडत राहिला. पहिल्या भागात बटणांची अदलाबदल करायची सोय होती. रूपालीनं सगळे पर्याय उघडून पाहिले. दुसऱ्या भागातून ती सोय काढून टाकली होती.

"परत पडला का?" कोंडाजी बाहेरून विचारायचे. सुरुवातीला त्यांना या खेळाचा रागच होता, पण आता त्या दरवाजानं त्यांनाही सतावलं होतं.

एके दिवशी भारतनं मला खाली ठेवलं आणि हात खिशात घातला. मी घाबरलो. ते ओळखीचं होतं. दुसऱ्या दिवशी तो गुलाब कापायला गेला नाही. नवसाबाईंनी चहा आणला, तो त्यानं डाव्या हातानं घेतला.

सोमनाथ म्हणाला, "दे इकडं, दरवाजा मी पार करून देतो. पुढचं तू खेळ."

"नाय," भारत म्हणाला.

"अरे, तुला तर गेमच आवडला नाही!" रूपाली म्हणाली. "मग सोड ना दादा. पहिला आहे की आपल्याकडे."

"आत्ता सोडला तर काय म्हणतील? हाताला जमंना म्हणून नावं ठेवतो." तो उठून बसला. "बेकारच हाय हा गेम. पण ते मी पुरा खेळून सांगणार. दरवाजा मीच उचलणार."

आणि त्यानं मला उलटं करून माझे स्क्रू काढले.

मला पोटातलं दाखवायची सवय नव्हती. हिरवी पट्टी, तिच्यावर बारीक रेषा. भारत प्रेसवर असताना मशीन उघडायला कधी घाबरला नव्हता, रूपालीला सर्किट वाचता येत होतं. दोघांनी डोकी एकत्र केली. माझ्या पाठीवर डावीकडे एक बटण होतं. त्यानं फक्त नकाशा उघडायचा, त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. वाराच्या बटणाची तार तिकडे नेली, तर डाव्या हाताच्या बोटानं भराभर दाबता येणार होतं. दुपारी लाइट आली तसं सोमनाथकडून आणलेलं, तारा डागायचं सोल्डरिंग तापत ठेवलं.

"मी करते, तू धर," रूपाली म्हणाली.

"तू तार धर. डाग मी देतो."

त्यानं ते तापलेलं हत्यार उजव्या हातात घेतलं, अंगठा आणि उरलेल्या बोटांत. पहिला डाग चुकला, माझी एक रेषा जळाली आणि नकाशाबरोबर आणखी एक बटण कायमचं मुकं झालं. भारतनं फुंकर मारली, हात मांडीवर टेकवला, श्वास रोखला. तो श्वास मी ओळखला. गवताच्या माळावरचाच होता. या वेळी डाग नेमका बसला.

त्याच संध्याकाळी आम्ही वेशीवर गेलो. दरवाजा खाली यायला लागला. भारतच्या डाव्या बोटानं माझी पाठ अशी काही बडवली की मला वाटलं, मीच फुटणार. दरवाजा थांबला. इंचभर वर गेला. मग सरसर वर. "गेला! गेला रे!" कोंडाजी दारातून ओरडले आणि त्यांनी मुठी हवेत उडवल्या. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी तसं पाहिलं नव्हतं.

पुढे बरीच लढाई होती. कुठे डावं बोट, कुठे उजवा अंगठा, असं करत भारत शेवटाला पोहोचला. पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांच्या नावांची यादी वर सरकायला लागली, तशा नवसाबाई डोकावल्या.

"जिंकला का रे?"

"जिंकलो."

"मग तोंड असं का?"

"खेळच बेकार हाय, आई," भारत म्हणाला आणि हसत सुटला. रूपालीही हसायला लागली. ती दोघं इतकी हसली की नवसाबाईंनाही कारण न कळता हसू आलं. त्या खेळावरचा त्याचा राग कधी गेला नाही, हेही खरं. आजही कुणी दुसऱ्या भागाचं कौतुक केलं की भारत त्याला समोर बसवून एकेक चूक सांगतो. त्याला अडवायची कुणाची हिंमत नाही, कारण त्यानं तो पुरा खेळलाय.

पार्लरमध्ये ही गोष्ट पसरली. देवळाली कॅम्पातला एक तोफखान्याचा जवान सोमनाथला शोधत आला. त्याचाही एक हात मनगटापासून गेला होता आणि त्याला मुलाबरोबर गाड्यांची शर्यत खेळायची होती. भारतनं त्याला एका हाताचा रिमोट करून दिला. मग कुणी स्कूटरचा ब्रेक घेऊन आलं, कुणी शिलाई मशीन. आता पंचवटीत त्याचं लहानसं दुकान आहे. रूपाली नोकरीवरून सुटली की हिशोबाला नाही, सर्किटाला बसते.

आणि मी? नवी मशीनं आली, त्यांना माझी वायर बसत नाही. तलवारवाल्याचा तिसरा भाग निघालाय म्हणतात. तो मी खेळणार नाही, भारत मात्र नक्की खेळेल आणि पुरा खेळेल. माझं झाकण आता काढूनच ठेवलेलं असतं. काउंटरवर, पोट उघडं टाकून, मी लोकांना माझी तार दाखवतो.

खेळ बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. म्हाताऱ्याला मारायचं तर मारा, जाळ काढायचा तर काढा, पण बटणं बदलायची सोय तेवढी ठेवा. पलीकडे कुणाचा हात आहे, ते तुम्हाला दिसत नसतं.

आज सकाळी पिंपळगावहून चतुराबाई आल्या. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होत्या, तिथल्या मशीनमध्ये हात सापडलाय. त्यांना मोपेड चालवायचीय. पदराखाली हात झाकून त्या अवघडून उभ्या होत्या.

"माझं काय व्हायचंय आता, भाऊ," त्या म्हणाल्या.

भारतनं उजव्या हातानं मला उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या, दाबून बघा मावशी. कोणतं बोट ऐकतंय ते शोधू. गाडीला मग त्याच बोटाचं ऐकायला शिकवू."

चतुराबाईंनी पदर बाजूला केला. त्यांची करंगळी माझ्या बटणावर आली. कापत होती, पण दाबत होती.