कायमचा पत्ता

परवाना मिळाला आणि त्या दिवसापासून गाडी कुठंही नेली, तरी तिचं दार इस्पितळाच्या मागच्या आवारातच उघडू लागलं. आत मेंदूचं सीटी काढायचं मशीन होतं, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन होतं. लकव्याच्या रोग्यापर्यंत इस्पितळच घेऊन जायचं, म्हणून डॉक्टर मृणाल देऊळगावकर कित्येक वर्षं त्या परवान्यामागे लागली होती. एकच नियम आडवा येत होता. इस्पितळाला कायमचा पत्ता हवा. शेवटी परवाना-अधिकाऱ्याने इस्पितळाच्या पत्त्याची पितळी पाटी गाडीच्या दारावर ठोकून घेतली.

त्याच दुपारी रोहणा गावाहून प्रभाकर वानखेड्यांचा फोन आला. बायकोचं, सिंधूचं, तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता. ड्रायव्हर इस्माईलभाईंनी गाडी सुसाट नेली. थांबल्यावर मृणालने दार उघडलं. समोर आवारातला कडुलिंब आणि वाळत घातलेल्या चादरी.

प्रभाकरचा फोन वाजला. "मॅडम, गाडी आमच्या अंगणात उभी आहे ना जी. उतरत काहून नाही?"

"दार वाजवा."

उघड्या दारावर थापा पडल्या. दारात कुणी नव्हतं.

मृणालने अधिकाऱ्याला फोन लावला. "गाडी पत्त्यावरच आहे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग तक्रार काय आहे?"

तिने पुन्हा प्रभाकरला फोन केला. मागून सिंधूचा आवाज येत होता. ती पाणी मागत होती. मग नुसतं 'पा' उरलं.

"पाटी काढा," मृणाल इस्माईलभाईंना म्हणाली.

"परवाना जाईल, डॉक्टर."

"जाऊ द्या."

इस्माईलभाईंनी लोखंडी टॉमी घालून पाटी उचकटली. कडुलिंब गेला, चादरी गेल्या. समोर सारवलेलं अंगण होतं आणि सिंधूला दोन्ही हातांवर घेऊन प्रभाकर उभा होता.

मृणाल आत वळली. गाडीत मशीन नव्हतं, खाट नव्हती, औषधांचं कपाट नव्हतं. नुसता तापलेला पत्रा होता. तिने इंजेक्शनचं नाव आठवून पाहिलं. तेही परवान्याबरोबर गेलं होतं.

प्रभाकरने सिंधूला जपून पत्र्यावर निजवलं, खांद्यावरचा दुपट्टा तिच्या डोक्याखाली सारला आणि अदबीने खाली उतरला.

"करा मॅडम सुरू," तो म्हणाला, आणि त्याने बाहेरून दार लावून घेतलं.